कंसातला स्वर

तिच्या उजव्या हाताला नखं होती आणि डाव्या हाताला नव्हती. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम टेकवताना ही तऱ्हा हमखास दिसायची. कुणी बघून न बघितल्यासारखं करायचं, कुणाला राहवायचं नाही. परवा एक आजोबा, चष्म्याची काडी कानामागे नीट बसेपर्यंत तिच्या हातांकडे टक लावून बघत होते. शेवटी म्हणाले, "पोरी, घरून घाईत निघालीस का गं? एकाच हाताची नखं काढून झाली?"

"गिटार शिकते, आजोबा. या हातानं तारा छेडायच्या, त्या हातानं दाबायच्या. छेडायला नखं लागतात, दाबायला नडतात."

"आता? या वयात?"

"एक्केचाळीसच तर आहे. तुम्ही नाही का या वयात पेपर वाचायला नवा चष्मा करताय."

आजोबा खूश झाले आणि फ्रेम महागातली घेऊन गेले.

भावाच्या घरी मात्र अशी सुटका नव्हती. वहिनीला उठता-बसता यमकं जुळवायची खोड होती. नणंद दारात दिसली, की तिची जीभ वळवळायलाच लागे:

"एका हाती नखं, दुसरा हात भुंडा,
नणंदबाईंच्या नादापायी भांडी घासायचा खोळंबा!"

"जुळलं नाही हं, वहिनी."

"तुमची गिटार तरी कुठं जुळते हो? दोघींचं सारखंच."

गिटार मुळात दादाची. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, पुस्तकबांधणीचा कारखाना चालवणारा, कमी बोलणारा. तिच्या लहानपणापासून तो जेवणं झाली की डाव्या पायाखाली छोटं स्टूल घ्यायचा, गिटार मांडीवर तिरकी धरायचा आणि एकच संथ चाल दोन-तीनदा वाजवायचा. पाऊण पानाची चाल. घरातल्या कुणाला तिचं नाव माहीत नव्हतं, सगळे 'दादाची चाल' म्हणायचे. आई ती ऐकत ओटा पुसायची, मधेच पदरानं डोळे पुसायची, वडील ऐकत झोपी जायचे. मग दादाचं लग्न झालं, आई-वडील गेले, घरं वेगळी झाली, आणि अकरा वर्षांपूर्वी कधीतरी दादानं वाजवणं सोडलं. का, तर म्हणे कंटाळा आला.

ती त्यावरून त्याला वर्षानुवर्षं टोचत आली. "काय दादा, बोटांना गंज चढला की नाही?" "गिटारीचं लोणचं घातलंस का?" तो हसायचा. वहिनी म्हणायची, "अहो, त्यांना विचारता काय, कपाटावरच्या गिटारीच्या पेटीला विचारा, तिच्याभोवती धुळीची रेघ रोज जाड होतेय." तरी तो हसायचाच.

आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो स्वतःच ती पेटी, ते स्टूल आणि नोटेशनच्या पानांची फुगलेली फाइल घेऊन तिच्या दारात उभा राहिला. "पडून राहण्यापेक्षा तू वाजव, बारके." एवढंच बोलला आणि चहासुद्धा न घेता गेला. शिकवतोस का म्हणून तिनं विचारलं, तर "पुस्तक आहे ना आत" म्हणाला. ती वाजवायला बसली आणि तो तिच्याकडे आलेला असला, की त्याला नेमकं दूध आणायचं आठवायचं. तिला वाटे, हेवा वाटत असेल. कधी वाटे, छे, दादाला कुठला हेवा. मग नक्की काय, ते तिला कळत नसे.

दीड वर्ष ती आपलीआपणच धडपडली. पाच रेघांवरचे ठिपके वाचायला शिकली, तारांच्या खुणा शिकली. पहिल्यांदा नीट वाचता आल्याबरोबर तिनं फाइलमधून दादाची चाल काढली. पानावर प्रत्येक ठिपक्याशेजारी दादाच्या पेन्सिलीनं बारीक आकडे लिहिलेले होते: कुठला स्वर डाव्या हाताच्या कुठल्या बोटानं दाबायचा. पहिलं बोट अंगठ्याशेजारचं, चौथं करंगळी. दादाच्या आकड्यांवर बोटं ठेवत ठेवत ती चालीत शिरली, जसं कुणाच्या चिखलातल्या पावलांवर पाय ठेवत शेत ओलांडावं. शेवटपर्यंत पोचली, तेव्हा एकटीच बसून रडली. आई, ओटा, ओलं फडकं, सगळं होतं त्यात.

चार महिन्यांपूर्वी ती बाईंकडे जाऊ लागली. गिटारच्या बाई सायकलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर राहायच्या. साठीच्या पुढच्या, कुर्रेबाज, बोलायला कात्रीसारख्या. शिकवणी चालू असताना खालून पंक्चरवाल्याची ठोकठोक यायची आणि बाई म्हणायच्या, "बघ, तो तुझ्यापेक्षा तालात आहे." वर्षातून एकदा त्या आपल्या शिष्यांची एक संध्याकाळ ठेवत. प्रत्येकानं एकच चीज वाजवायची, घरच्यांनी येऊन ऐकायचं. या वर्षीच्या कार्यक्रमाला तीन आठवडे उरले होते, आणि तिनं वाजवायला दादाची चाल निवडली. दादाला घेऊन यायचं, पहिल्या रांगेत बसवायचं, आणि त्याच्या तोंडावर काय येतं ते बघायचं, असा तिचा बेत होता.

तिनं ती बाईंना वाजवून दाखवली. पानावर उभ्या रेघांनी घरं पाडलेली असतात. एकविसाव्या घराशी बाईंनी हात वर केला.

"थांब. परत."

तिनं परत वाजवलं.

"मधला स्वर कुठे गेला?"

"तो वाजवायचा नाहीये ना. कंसात आहे."

"कंसात?" बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि पान उजेडात धरलं. "अगं, हा कंस छापलेला नाही. पेन्सिलीचा आहे. कुणी केला?"

"दादानं. माझ्या भावानं. ही पानं त्याचीच."

"आणि हे आकडेही त्याचेच?" बाईंचं बोट रेघेवरून पुढे पुढे सरकू लागलं. "एक, दोन, चार. दोन, चार, एक. इथे चार, तिथेही चार. हे काय चाललंय? तिसरं बोट कुठाय?"

तिनं आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. बोटं जागच्या जागी होती.

"मी म्हणते एवढे दिवस, ही बोटांचे व्यायाम वाजवते तेव्हा तिचं तिसरं बोट शहाण्यासारखं चालतं," बाई म्हणाल्या, "आणि आज बघते तर ते छत्रीसारखं वर उभं! करंगळी बिचारी दोघांचं काम करतेय. तुला कधी प्रश्न नाही पडला?"

"मला वाटलं, ही चाल अशीच वाजवतात."

"अशी कुणीही वाजवत नाही." बाईंनी स्वतःची गिटार घेतली. "ऐक. या घरात चारही बोटं एकदम लागतात. तुझा भाऊ तीनच वापरतो, म्हणून एक स्वर बाहेर काढून ठेवलाय. पण तोच तर मालक आहे या घराचा. तो नसला की कळत नाही, चाल हसतेय की रडतेय."

आणि त्यांनी चारही बोटांनी वाजवलं.

चाल हसली. अगदी उघड, खिडकी उघडावी तशी हसली.

"हे चुकीचं वाटतंय," ती पटकन बोलून गेली.

"चुकीचं?"

"म्हणजे… ही चाल दुःखाची आहे, बाई."

"कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. इतके महिने आपल्याच हातून ऐकून, लहानपणी ती कशी ऐकली होती हेच तिला आता आठवेना. आई ओटा पुसताना डोळे का पुसायची, हे आता कुणाला विचारणार? की आई नुसता घामच पुसत होती?

"खोडरबर घे आणि सगळे आकडे खोड," बाई म्हणाल्या. "मी नवे सांगते. तीन आठवडे आहेत. पुरा स्वरमेळ आला तर वाजव, नाहीतर त्या दिवशी खुर्चीत बसून इतरांचं ऐक. अर्धवट चाल मी माझ्या खोलीत कुणाला वाजवू देत नाही. माझी आई आली असती तरी नसती दिली."

बाईंनी नवे आकडे वेगळ्या कागदावर लिहून दिले आणि ती जिना उतरली.

मग सुरू झाली बोटांची भांडणं. तिसरं बोट खाली ठेवायला जावं, तर करंगळी सवयीनं आधीच तिथे जाऊन बसलेली. करंगळीला उठवावं, तर दुसरं बोट बावचळून तारेवरून घसरायचं. आठवड्यात नवं आलं नाहीच, जुनंही गेलं. आधी चाल डोळे मिटून यायची, आता डोळे उघडे ठेवूनही येईना. दुकानात तिनं एका बाईंच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली. त्या बाई दहा मिनिटांत परत आल्या. "ताई, पायऱ्या माझ्याकडे चालत येतायत हो!" मालकांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. अठरा वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं.

रविवारी दुपारी ती खोडरबर घेऊन दादाचं पान पुढ्यात ओढून बसली. पहिल्याच आकड्यावर रबर टेकवलं आणि हात थांबला. पान तिरकं होऊन खिडकीच्या उजेडात आलं होतं, आणि त्या '४'च्या खाली कागदावर दुसऱ्याच आकड्याची खोलगट खूण दिसत होती.

काचा तपासायचं भिंग तिच्या पर्समध्ये असायचंच. तिनं ते डोळ्याला लावलं. खाली '३' होता. पुढच्या '४'खालीही '३'. आणि एकविसाव्या घरात, कंसाच्या आत, इतक्यांदा खोडून इतक्यांदा लिहिलेला '३', की कागद तिथे पातळ होऊन मऊ पडला होता.

तिनं सगळी फाइल जमिनीवर मांडली. दादाला प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात शिकायला घेतल्याची तारीख टाकायची सवय होती. जुन्या पानांवर तिसरं बोट ठायीठायी नांदत होतं. मग एका वर्षीच्या पानांपासून काही '३'शेजारी प्रश्नचिन्हं आली. पुढच्या वर्षी '३' खोडले जाऊ लागले. त्यानंतरच्या पानांवर '३' नव्हताच. शेवटचं पान अर्ध्यावरच थांबलं होतं, आणि त्यापुढे फाइलमध्ये पानच नव्हतं.

बोटाला काही झालं असतं, तर दिसलं नसतं का? दादा कात्री चालवतो, सुईत दोरा ओवतो, वहिनीला न उघडणाऱ्या बरण्या उघडून देतो. त्याच्या हाताला काहीही झालेलं नाही. आणि ही पानं म्हणतात, झालंय. कुणाचं खरं धरायचं?

सोमवारी ती जेवणाच्या सुट्टीत दादाच्या कारखान्यात गेली. खोलीभर खळीचा वास होता. दादा लाकडी चौकटीपुढे बसून घडी घातलेल्या पानांचे फॉर्म शिवत होता. सुई आत, सुई बाहेर, दोरा ताणून धरायचा. ताणून धरायचा तो नेमका डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटावर. ती बघतच राहिली. बोट कसं तयार होतं, आज्ञाधारक होतं.

"बारके? आज इकडे कुठं?"

"दादा, एकविसाव्या घरातला स्वर तू का सोडलास?"

सुई थांबली नाही. "आवडत नव्हता मला."

"आणि तिसरं बोट? तेही आवडत नव्हतं?"

आता सुई थांबली.

"सगळी पानं बघितली मी," ती म्हणाली. "भिंगातून. खोडलेलंही दिसतं, दादा."

"तुला चष्म्याच्या दुकानात कुणी लावलं!" तो म्हणाला आणि हसायला गेला. ते हसू तिला पाठ होतं. तिच्या सगळ्या टोमण्यांवर तो असाच हसत आला होता.

त्यानं सुई गठ्ठ्यात टोचून ठेवली आणि डावा हात दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "हे बघ, हलतं. वाकतं. जोरही आहे. पण गिटारीची मान हातात आली, की हे एकटं आत मुडपतं. तळव्याला जाऊन चिकटतं. गिटार खाली ठेवली, की पुन्हा सरळ. दोन डॉक्टर झाले. एक म्हणाला, तुम्हाला काहीच झालेलं नाही. दुसरा म्हणाला, असं होतं कुणाकुणाला, का होतं ते सांगता येत नाही."

"आणि वहिनी?"

"तिला नाही माहीत."

"अरे, पण सांगायचंस ना!"

"काय सांगू? कुणाला सांगू? दिवसभर या बोटानं दोरा ओढतो, आणि घरी येऊन सांगू की बोट चालत नाही? मलाच पटत नव्हतं गं. मला वाटायचं, मीच ढोंग करतोय. कंटाळा आला म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत."

तिला बोलायचं होतं. गंजाबद्दल, लोणच्याबद्दल, धुळीच्या रेघेबद्दल. शेवटी तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "बाई म्हणतात, सगळं खोडून टाक."

"बरोबर म्हणतात."

"मला नाही जमत. खोडायलाही नाही आणि वाजवायलाही नाही. तुझ्या बोटांनी शिकले ना मी. माझं बोट धडधाकट असून त्या चालीत मुकं झालंय."

दादा दचकला. "म्हणजे तू… एवढे दिवस तिसरं बोट न लावता वाजवलंस?"

"तू लिहिलंस तसं."

"अगं वेडे, ते माझ्यापुरतं होतं!" तो उठून उभा राहिला, परत बसला. "पेटीत फाइल घातली, तेव्हा डोक्यातच आलं नाही. तू तशीच्या तशी वाजवशील…" त्याला हसावं की काय करावं ते कळेना. तिलाही कळेना. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "तो स्वर वाजव, बारके. मी येईन ऐकायला."

उरलेले दिवस तिनं ते एकच घर घासलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी शंभरदा, संध्याकाळी शंभरदा. गिटार हातात नसतानाही, फ्रेमच्या काडीवर, पिशवीच्या बंदावर, चार बोटं एकदम ठेवायची आणि उचलायची. कधी जमायचं, कधी नाही, आणि का जमलं, का नाही, याचा पत्ता लागायचा नाही. आदल्या दिवशी बाईंच्या पुढे दहापैकी सहादा जमलं. बाईंनी पान मिटून तिच्या हातात दिलं. "वाजव," म्हणाल्या. "पण उद्याचा स्वर सहातला निघतो की चारातला, ते मला नको विचारूस."

बाईंच्या खोलीत तीस खुर्च्या मांडल्या होत्या. दादा पहिल्या रांगेत नव्हता, दाराशी शेवटच्या खुर्चीत बसला होता. शेजारी वहिनी, नव्या साडीत, मान उंच करून. वाजवणाऱ्यांत नणंदेची पाळी पाचवी होती. स्टूलवर पाय ठेवला, गिटार मांडीवर आली, आणि पहिल्या रेघेपासून तिला समजेना, की आपण काय वाजवतोय. हसणारी चाल की रडणारी? आईची की बाईंची? बोटं पुढे निघाली होती आणि ती मागून त्यांना हाका मारत होती. अठरावं घर गेलं. एकोणिसावं गेलं. विसाव्यात करंगळी थोडी चुळबुळली. एकविसाव्यात तिनं चारही बोटं टाकली, आणि त्याच क्षणी कानात नुसती सणसण भरली, आपलंच रक्त ऐकू यावं तशी. पुढे चाल शेवटाला पोचली. टाळ्या वाजल्या. तो स्वर निघाला की नाही, तिला ऐकूच आलं नव्हतं.

सगळ्यांचं वाजवून झालं, चहा झाला, लोक पांगू लागले. ती आधी वहिनीकडे गेली.

"वहिनी, तो स्वर आला का हो?"

"कुठला? मला बाई सगळेच ऐकू आले. एकही चुकवला नाहीत तुम्ही." आणि तिला मिठी मारून वर म्हणाली, "आज यमक जुळलं हं."

बाई पेल्यांचा ट्रे उचलत होत्या. "आला," त्या न बघताच म्हणाल्या. "उशिरा आला, लंगडत आला, पण आला."

तरी तिच्या जिवाला बरं वाटेना. दादा अजून त्याच खुर्चीत होता, डावा हात उजव्या हातात धरून.

"दादा, बाई म्हणतात आला. तू ऐकलास?"

त्यानं डावा हात सोडून मांडीवर ठेवला.

"मला नको विचारूस," तो म्हणाला. "मी त्या घरात आलो, की मला तो ऐकू येतोच. वाजवला तरी, नाही वाजवला तरी. शेवटी शेवटी मी तो सोडून वाजवायचो, तेव्हाही येत होता. आज तुझ्या गिटारीतून आला की माझ्या डोक्यातून, मला सांगता येत नाही, बारके. आणि मी खाली बघत होतो. तुझ्या हाताकडे बघवेना."

वहिनी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. "कसला स्वर? काय चाललंय तुम्हा दोघांचं? मला कुणी सांगेल का?"

"सांगतो," दादा म्हणाला. "बस. सगळं सांगतो. आधी हिला वाजवू दे."

त्यानं आपली खुर्ची उचलली आणि रिकाम्या खोलीत अगदी पुढे आणून ठेवली, गिटारीच्या मानेपासून हातभर अंतरावर. मग पुढे वाकून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवून बसला.

"विसाव्या घरापासून घे," तो म्हणाला. "हळू. या वेळी मी ऐकत नाही. तुझ्या तिसऱ्या बोटाकडे बघतो."